स्पोर्ट्स कारचा सेल्फ : बिघाड, तपासणी आणि बदली

पेट्रोलचे असो की डिझेलचे, कोणतेही इंजिन आपले आपण सुरू होत नाही. सिलिंडरमध्ये हवा ओढली जावी लागते, ती दाबली जावी लागते आणि मग इंधन पेटले तरच पिस्टनला धक्का बसतो. म्हणजे पहिला भडका उडण्याआधी क्रँकशाफ्ट बाहेरून कोणीतरी फिरवून द्यावा लागतो. मोटारीत हे काम करणारी विजेची मोटर म्हणजे स्टार्टर, गॅरेजच्या बोलीत सेल्फ. विहिरीवरच्या जुन्या किर्लोस्कर इंजिनाला हँडल मारलेल्या शेतकऱ्याला हे काम किती ताकदीचे आहे ते वेगळे सांगावे लागत नाही. डीकॉम्प्रेशनची कळ उचलायची, फ्लायव्हीलला वेग द्यायचा, कळ सोडायची, आणि इंजिन उलटे फिरले तर हँडलचा तडाखा मनगटावर घ्यायचा. मोटारीही सुरुवातीची कित्येक वर्षे अशाच हँडलने सुरू होत आणि हात मोडण्याचे प्रकार सर्रास घडत.

अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९११ साली विजेच्या स्टार्टरच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत तो बसवला गेला. इंजिन फिरवायला जवळजवळ इंजिनाएवढीच मोटर लागेल, असा तोवर समज होता. केटरिंग यांनी त्याआधी दुकानातल्या कॅश रजिस्टरला विजेची मोटर बसवली होती. लहान मोटर दिवसभर मोठे ओझे ओढू शकत नाही, पण चार-पाच सेकंदांपुरती आपल्या ऐपतीच्या कितीतरी पट जोर लावू शकते, हे त्यांना त्या कामातून कळले होते. सेल्फ आजही याच हिशेबावर चालतो. थोडा वेळ, प्रचंड ताण, मग विश्रांती. ही विश्रांती मिळाली नाही की तो जळतो.

सेल्फच्या आत मोटर, सोलेनॉइड आणि पिनियन असे तीन भाग असतात. मोटरमध्ये मधोमध आर्मेचर फिरते. त्याभोवती जुन्या धाटणीत फील्ड कॉइल असतात, नव्या धाटणीत कायमचुंबक. आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर असतो आणि त्याला टेकलेले कार्बन वीज आत पोचवतात. चावी फिरवली की आधी थोडासा प्रवाह सोलेनॉइडच्या वेटोळ्यात जातो आणि लोखंडी दांडा आत खेचला जातो. दांड्याला अडकवलेला काटा पिनियनला पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगेत बसवतो. दांडा पूर्ण आत गेला की तांब्याचे दोन जाड कॉन्टॅक्ट जुळतात आणि मग बॅटरीचा सगळा जोर मोटरमध्ये शिरतो. आधी दात्यांत दाते आणि नंतर फिरणे, हा क्रम चुकला तर रिंगेचे दाते खरवडून निघतात.

पिनियनला साधारण ९ ते ११ दाते असतात आणि रिंगेला १३० च्या आसपास. इंजिनाचा एक फेरा होण्यासाठी पिनियनला बारा-तेरा फेरे घ्यावे लागतात, म्हणून लहान मोटरही भारी इंजिन मिनिटाला दोनशे फेऱ्यांच्या आसपास फिरवू शकते. पण हाच हिशेब उलटा केला तर धोका दिसतो. इंजिन सुरू होऊन ३,००० फेऱ्यांवर गेले आणि पिनियन रिंगेत पक्का अडकून राहिला, तर त्याला मिनिटाला ३६,००० फेरे घ्यावे लागतील. त्या वेगात आर्मेचरच्या तारा उचकटून बाहेर येतील. ते टाळण्यासाठी पिनियनच्या मागे एकाच दिशेने जोर देणारा क्लच असतो. इंजिन पुढे पळू लागले की तो सुटतो. पिनियन आणि हा क्लच मिळून जो सुटा भाग होतो, त्याला गॅरेजमध्ये बेंडिक्स म्हणतात.

चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा सेल्फ फिरताना सहज १५० अँपिअर ओढतो. बॅटरीचा दाब त्या वेळी १० व्होल्टच्या आसपास उतरलेला असतो, म्हणजे काम होते १,५०० वॅटचे. पाणी तापवायचा विजेचा मोठा रॉड जेवढी वीज घेतो तेवढी ही वीज आहे, आणि तिचा बराच मोठा भाग मुठीत मावेल एवढ्या तांब्या-लोखंडात उष्णता होऊन साचतो. म्हणूनच दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ सलग सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत अर्धा-एक मिनीट जाऊ द्यावे.

या १५० अँपिअरमुळेच आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्यापायी चांगले सेल्फ विनाकारण बदलले जातात. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर चढला आणि त्यामुळे जोडात ओहमच्या शंभराव्या भागाएवढाच अडथळा आला, तरी १५० अँपिअर जाताना तिथे दीड व्होल्ट खर्ची पडतो. हेडलाइट मात्र काही अँपिअरवर चालतात, त्यांना हा अडथळा जाणवतही नाही. दिवे लख्ख लागतात, हॉर्न खणखणीत वाजतो, म्हणून बॅटरी आणि वायरिंग ठीक आहे असे गृहीत धरले जाते आणि दोष सेल्फवर ढकलला जातो. साध्या मीटरने ओहम मोजूनही तो सापडत नाही, कारण एवढा बारीक अडथळा त्या मीटरला दिसतच नाही. सेल्फ फिरत असतानाच तारेच्या दोन टोकांमधला व्होल्ट मोजावा लागतो.

तत्त्वाने स्पोर्ट्स कारचा सेल्फ वेगळा नसतो. वेगळी असते ती त्याची जागा. कमी उंचीच्या बॉनेटखाली जोरकस इंजिन, टर्बो, जाड एक्झॉस्ट आणि रेडिएटर ठासून बसवलेले असतात. सेल्फला उरलेल्या कोपऱ्यात जावे लागते आणि तो कोपरा बहुधा एक्झॉस्टच्या शेजारचा असतो. तांब्याचा विद्युतरोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांवरचा सेल्फ १०० अंशांवर गेला की त्याच्या वेटोळ्यांचा रोध ३० टक्क्यांहून अधिक वाढलेला असतो. त्यामुळे प्रवाह कमी होतो आणि सोलेनॉइडची ओढ घटते. थंड असताना कसाबसा काम करणारा जुना सोलेनॉइड अशा वेळी हात टेकतो.

धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातले वडीगोद्री हे गाव असा बिघाड समोर येण्याची अगदी नेमकी जागा आहे. छत्रपती संभाजीनगर सोडून पाचोडमार्गे बीडकडे निघालेली गाडी चौपदरी रस्त्यावर चांगल्या वेगात तापत येते आणि अंबड–जालन्याचा रस्ता मिळतो तिथे चहासाठी थांबते. एप्रिल-मेमध्ये सावलीतला पारा चाळिशीच्या वर असतो. इंजिन बंद झाले की पाण्याचा पंप थांबतो, वारा थांबतो, पण लाल झालेला टर्बो आणि एक्झॉस्ट आपली उष्णता भोवताली सोडतच राहतात. त्यामुळे बॉनेटखालचे तापमान गाडी थांबल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे उलट वाढते. चहा संपतो तेव्हा सेल्फ सर्वांत जास्त तापलेला असतो. चावी फिरवली की नुसते 'टक' होते. अर्ध्या-पाऊण तासाने, काहीही न करता, तीच गाडी सुरू होते. हे लक्षण दोन-तीनदा दिसले तर सेल्फ, त्याची तार किंवा त्यावरचे उष्णतारोधक पत्र्याचे आवरण यांपैकी काहीतरी गेले आहे असे समजावे.

या रस्त्याच्या टापूत खऱ्या अर्थाने वेगवान म्हणावी अशी एक गाडी जवळच जुळवली गेली. स्कोडाचा छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील कारखाना २००१ साली सुरू झाला आणि १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, १५० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस २००४ मध्ये भारतीय बाजारात आली. ती सेडानसारखी दिसणारी पाच दारांची गाडी. काटेकोर अर्थाने स्पोर्ट्स कार नव्हे. दोन आसनांची गाडी म्हणून गोव्याच्या सॅन स्टॉर्मकडे पाहावे लागते. तिचे १.२ लिटरचे इंजिन रेनॉचे होते आणि अंग फायबरचे. फायबरमधून वीज जात नाही. पत्र्याच्या गाडीत संपूर्ण सांगाडा परतीच्या प्रवाहाचे काम करतो, फायबरच्या गाडीत मात्र ते सगळे चासी आणि अर्थच्या तारांवर असते. अशा गाडीचा सेल्फ मंद फिरू लागला तर पहिला संशय अर्थवरच घ्यावा. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी अवंतीत इंजिन आसनांच्या मागे आहे, म्हणून सेल्फपर्यंतची वाट मागून आणि खालून. अमेरिकेत १९९० ते १९९५ दरम्यान निघालेल्या कॉर्व्हेट झेडआर-१ मध्ये तर सेल्फ इंजिनाच्या दोन फळ्यांच्या बेचक्यात, हवेच्या मॅनिफोल्डखाली दडवलेला आहे. तो बदलायचा म्हणजे आधी इंजिनाचा वरचा सगळा पसारा उतरवायचा. यांच्या तुलनेत ऑक्टाव्हिया आरएसची मांडणी माणसाला झेपणारी आहे. सेल्फ गिअरबॉक्सच्या तोंडाशी, रेडिएटरच्या बाजूला असतो.

गाडी कोणतीही असो, तपासणी आवाजापासून सुरू होते. चावी फिरवल्यावर 'टकटकटकटक' असा भराभर आवाज येत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा जोड सैल आहे. सोलेनॉइड ओढतो, मोटर वीज घेते, दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, दाब वर येतो, आणि हे चक्र सेकंदाला अनेकदा फिरते. सेल्फ बहुधा निर्दोष असतो. एकच ठणठणीत 'टक' आणि पुढे शांतता असेल, तर सोलेनॉइडने काम केले पण त्याचे कॉन्टॅक्ट जळालेत, कार्बन संपलेत किंवा इंजिनच अडकले आहे. घर्र करून मोटर मोकळी फिरते आणि इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्सचा क्लच घसरतोय. किर्र असा धातू खरवडल्याचा आवाज रिंगेच्या दात्यांचा. इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फ फिरतच राहिला, तर कॉन्टॅक्ट वितळून चिकटलेत; अशा वेळी चावी काढूनही उपयोग नसतो, बॅटरीची निगेटिव्ह तार ताबडतोब सोडवावी. आणि काहीच आवाज नसेल तर सेल्फकडे जाण्याआधी क्लच पेडलचा स्विच, ऑटोमॅटिक गाडीत पार्क-न्यूट्रलचा स्विच, रिले, फ्यूज आणि इमोबिलायझरचा दिवा पाहावा. चालकाने क्लच पूर्ण दाबलेला नसणे, हेही यातले एक नेहमीचे कारण आहे.

त्यानंतर मीटर. गाडी काही तास उभी असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२ वर आली म्हणजे ती जवळजवळ रिकामी. मदतनिसाला चावी फिरवायला सांगून सेल्फ फिरत असताना बॅटरीवर ९.६ व्होल्टपेक्षा कमी होत असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ अवाजवी प्रवाह खेचतोय. बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नको, आणि सेल्फच्या अंगापासून निगेटिव्ह खांबापर्यंत ०.२ च्या आसपासच असावी. स्कोडा-फोक्सवॅगनसारख्या जर्मन पद्धतीच्या गाड्यांत जाड तारेच्या बोल्टला ३० आणि चावीकडून येणाऱ्या बारीक तारेला ५० हा क्रमांक असतो. ३० वर पूर्ण दाब आहे, चावी फिरवल्यावर ५० वरही दाब येतो, अर्थ चोख आहे, आणि तरी सेल्फ फिरत नाही, एवढे सिद्ध झाले तरच सेल्फ गेला असे म्हणता येते. ही सगळी तपासणी पंधरा मिनिटांची आहे. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रकचे सेल्फ रोज खोलणाऱ्या महामार्गावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला ती उत्तम जमते. गाडी महाग आहे म्हणून त्याच्याकडून साधे मोजमापही करून न घेता ती थेट टोइंगवर चढवणे शहाणपणाचे नाही.

एक तपासणी मात्र कधीच वगळू नये. एकच 'टक' येऊन सगळे थांबत असेल तर क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजिन हाताने त्याच्या नेहमीच्या दिशेत एक-दोन फेरे फिरवून पाहावे. पावसाळ्यात पुलाखालच्या पाण्यातून गेलेल्या ठेंगण्या गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही. तिथे सेल्फ मारत राहिल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो आणि सेल्फच्या खर्चाचे प्रकरण इंजिनावर जाते.

रस्त्यातली तात्पुरती सोय दोन प्रकारची. मॅन्युअल गिअरची गाडी चावी चालू ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये, धक्का देऊन सुरू करता येते. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीला लांबवर ढकलत नेऊ नये, न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन तो खराब होतो. ऑटोमॅटिक आणि डीएसजी गाड्या धक्क्याने सुरू होत नाहीत. दुसरी सोय म्हणजे सेल्फच्या अंगावर हलकेच ठोकणे. अडकलेला कार्बन त्याने सुटतो आणि गाडी एक-दोनदा सुरू होते. जुन्या फील्ड कॉइलच्या सेल्फला हे चालते. कायमचुंबकाच्या सेल्फवर हातोडा पडला तर आतले ठिसूळ चुंबक तडकतात आणि दुरुस्तीजोगा सेल्फ भंगारात जातो.

बदलीचे काम इंजिन पूर्ण गार झाल्यावरच हाती घ्यावे. पहिली गोष्ट, बॅटरीची निगेटिव्ह तार काढणे. सेल्फच्या जाड तारेवर मध्ये फ्यूज नसतो अशा गाड्या पुष्कळ आहेत. त्या बोल्टवरचा पाना चुकून गिअरबॉक्सला टेकला तर शेकडो अँपिअर पान्यातून वाहतात, पाना जागच्या जागी चिकटतो आणि हातातली अंगठी बोट भाजते. ऑक्टाव्हियासारख्या गाडीत पुढे बॅटरी आणि तिचा ट्रे काढतात, खालचे प्लॅस्टिकचे आवरण उतरवतात. गाडीखाली जायचे असेल तर ती स्टँडवर किंवा लिफ्टवर हवी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये. ठेंगण्या गाडीला जॅक लावायच्या जागा ठरलेल्या असतात, त्या सोडून दुसरीकडे लावला तर पट्टी चेपते.

मग ३० वरचा नट, ५० ची पिन आणि गिअरबॉक्समधून आरपार आलेले बोल्ट. वर्षानुवर्षे तापून-निवून हे बोल्ट जाम झालेले असतात. गंज सोडवणारे तेल टाकून थांबावे, पूर्ण बसणारी गोटी आणि लांब दांडा वापरावा. अर्धवट बसलेल्या गोटीने कोपरे गेले की दोन तासांचे काम दोन दिवसांवर जाते. शेवटचा बोल्ट काढताना सेल्फला खालून आधार द्यावा. तीन-चार किलोचे धूड तारेला लोंबकळले तर तार तुटते.

सेल्फ बाहेर आला की उघड्या पडलेल्या भोकातून टॉर्चच्या उजेडात फ्लायव्हीलची रिंग पाहण्याची ही एकमेव सोपी संधी असते. इंजिन हाताने फिरवत रिंगेचा पूर्ण फेरा पाहावा. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना दाबाच्या विरोधामुळे दर वेळी साधारण ठरावीक जागीच थांबते, त्यामुळे रिंगेचे दाते सगळीकडे सारखे झिजत नाहीत, समोरासमोरच्या दोन भागांतच जास्त झिजतात. एकच जागा पाहून रिंग चांगली ठरवली तर नवा सेल्फ लावल्यावरही मधूनच किर्र आवाज येत राहतो.

जुना आणि नवा सेल्फ शेजारी ठेवून दाते, फिरण्याची दिशा, नाकाची लांबी, बोल्टच्या भोकांची जागा आणि पिनचा आकार जुळवून पाहावा. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या सेल्फमध्ये एका दात्याचा फरक असू शकतो. नवा सेल्फ बसवण्याआधी पकडीत आवळून, जंपर केबलने बाहेरच चालवून घ्यावा. अवघड जागी बसवल्यावर तो सदोष निघणे फार महागात पडते. गिअरबॉक्सचा टेकणारा भाग तारेच्या ब्रशने चकचकीत घासावा, कारण सेल्फचा अर्थ त्या धातूच्या स्पर्शातूनच जातो. बोल्ट कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळावेत. ३० वरचा नट मात्र बेताने आवळावा. तांब्याचा बोल्ट जोर लावल्यास फिरतो आणि सोलेनॉइड आतून तुटतो. उष्णतारोधक आवरण 'नंतर लावू' म्हणून बाजूला ठेवले जाते आणि तिथेच राहते. एक्झॉस्टशेजारच्या सेल्फचे आयुष्य त्या पत्र्यावरच अवलंबून आहे. तारही मूळच्या क्लिपमध्येच अडकवावी. सर्वांत शेवटी बॅटरीची पॉझिटिव्ह आणि त्यानंतर निगेटिव्ह तार.

बॅटरी सुटल्यामुळे काचा आपोआप वर जाणे थांबते, घड्याळ शून्यावर येते, काही गाड्यांत स्टिअरिंगचा दिवा पेटतो. काचा पूर्ण वरखाली करून आणि गाडी थोडी चालवून हे बहुतेक सुरळीत होते. रेडिओचा कोड आधीच टिपून ठेवावा. ज्या गाड्या सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-चालू करतात त्यांचा सेल्फ आणि बॅटरी दोन्ही जास्त वेळा काम करण्यासाठी बनवलेले असतात. त्यांत साधा सेल्फ किंवा साधी बॅटरी घालू नये. गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान दाब यायला हवा. तो आला नाही तर मूळ दोष अल्टरनेटरमध्ये आहे आणि नव्या सेल्फनेही गाडी पुन्हा अडणार.

नवा घ्यावा की जुनाच दुरुस्त करावा, याचे उत्तर आत काय गेले आहे त्यावर आहे. कार्बन, बुश, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट आणि बेंडिक्स हे झिजण्यासाठीच बनवलेले भाग आहेत. ते बदलून, कम्युटेटर लेथवर हलका घासून, पट्ट्यांमधला मायका खाली करून घेतला तर सेल्फ पुन्हा कित्येक वर्षे चालतो. आर्मेचर जळून काळे पडले असेल, वार्निशचा करपट वास येत असेल किंवा चुंबक तडकले असतील तर नवाच घ्यावा. रिवाइंड केलेले आर्मेचर तापलेल्या एक्झॉस्टशेजारी फार टिकत नाही. दुर्मीळ गाडीचा सेल्फ मात्र कोणत्याही अवस्थेत टाकून देऊ नये. सॅन स्टॉर्मसारख्या बंद पडलेल्या मॉडेलसाठी पुढच्या वेळी नवा सेल्फ मिळेलच असे नाही, तेव्हा जुन्याचे नाक, काटा आणि आवरण हेच सुटे भाग म्हणून उपयोगी पडतात.